छापील रेंज आणि मे महिन्याची दुपार: कामावर जाण्यासाठी इलेक्ट्रिक दुचाकी कशी निवडावी

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि गाडी घ्यायला निघालेल्या अनेकांचे गणित नव्याने मांडावे लागले. इलेक्ट्रिक वाहनांवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच जीएसटी आहे, पण केंद्राचे अनुदान मधल्या काळात आटत गेले. जून २०२१ मध्ये बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरमागे १५,००० रुपये मिळत होते. जून २०२३ पासून ते १०,००० झाले आणि २०२५-२६ मध्ये २,५०० रुपयांवर, तेही गाडीमागे जास्तीत जास्त ५,००० रुपयांपर्यंत, येऊन ठेपले. म्हणजे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली, इलेक्ट्रिकवरची सूट घटली, आणि पेट्रोलचा दर मात्र शंभरीच्या पुढेच राहिला. अशा वेळी कामावर रोज जाणाऱ्या माणसाने काय करावे, हा प्रश्न मला सर्वप्रथम माझ्या भाच्याने विचारला.

तो छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात राहतो आणि वाळूजला कंपनीत जातो. एका बाजूचे अंतर साधारण १८ किलोमीटर. तीन माहितीपत्रके समोर पसरून त्याने विचारले, “मामा, ज्याची रेंज जास्त ती घेतली की झालं ना?” माझे उत्तर असे आहे की गाडी शोरूममधल्या पहिल्या दिवसासाठी निवडू नये. ती पाचव्या वर्षातल्या मे महिन्याच्या दुपारसाठी निवडावी. त्या दुपारी जी गाडी आपल्याला विनाचिंता घरी आणील, ती आपली गाडी.

बॅटरी म्हणजे टाकी, आणि ती मोजायची युनिटमध्ये

माहितीपत्रकात बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये दिलेली असते. हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्या लाईट बिलातच दडलेला आहे: एक किलोवॅट-अवर म्हणजे बिलातले एक युनिट. तीन किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे तीन युनिट वीज साठवणारी टाकी. पुढे मी युनिट हाच शब्द वापरतो.

मराठवाड्यात टाकीचे गणित कोणाला शिकवावे लागत नाही. हजार लिटरची टाकी किती दिवस पुरेल, हे टाकीवर लिहिलेले नसते. घरात माणसे किती, पाहुणे आले का, नळ कोणी उघडा ठेवला का, यावर ते ठरते. रेंजचेही तसेच आहे. रेंज म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल तो आकडा. टाकी किती मोठी आहे हे कंपनी खात्रीने सांगू शकते. ती किती दिवस पुरेल हे आपला रस्ता, आपला वेग आणि आपले वजन ठरवतात. त्यामुळे दोन गाड्यांची तुलना करताना आधी युनिट पाहावेत, रेंज नंतर.

छापील आकडा खोटा असतो का?

खोटा नसतो, तो वेगळ्या परिस्थितीतला असतो. आपल्याकडे दुचाकीची रेंज ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ नावाच्या ठरलेल्या चाचणीनुसार मोजली जाते आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था तिला प्रमाणपत्र देतात. या चाचणीत गाडीचा कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपास असतो. सर्व गाड्यांना एकाच मापाने मोजण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे. परंतु पहिली शिफ्ट गाठायला निघालेला माणूस ताशी २२ च्या सरासरीने वाळूजला जात नाही.

वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० ऐवजी ६० ने गेलो, तर हवेचा विरोध दीडपट न होता सव्वादोनपट होतो. समोरून वारा असेल तर तो वेगात मिळवूनच धरावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून वाहतो आणि वाळूज शहराच्या पश्चिमेला आहे. जून ते ऑगस्ट सकाळी कामावर जाताना अंगावर येणारा वारा तिथल्या प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक आहे.

आम्ही रस्ता मोजला तो असा

शोरूमभोवती मारलेल्या दोन फेऱ्यांतून काहीही कळत नाही. म्हणून ओळखीच्या एका गृहस्थांची तीन युनिटची गाडी आम्ही जुलैमध्ये एका दिवसासाठी मागून घेतली. भाचा चालवत होता, मी मागे वही घेऊन बसलो होतो. सिडको बसस्थानकापाशी बॅटरी १०० टक्के होती. जालना रोडच्या गर्दीतून, सिग्नलला थांबत थांबत क्रांती चौकात पोहोचलो तेव्हा ९४, नगर नाक्याला ८८. इथपर्यंत निम्मा रस्ता झाला होता आणि १२ टक्के खर्च झाले होते. छावणी ओलांडली, गोलवाडीचा पूल मागे पडला, रस्ता मोकळा झाला, काटा साठवर गेला आणि वारा तोंडावर आला. कंपनीच्या गेटवर आकडा होता ७२. म्हणजे उरलेल्या निम्म्या रस्त्याने १६ टक्के घेतले. गर्दीत इलेक्ट्रिक गाडी जास्त खाईल असा माझा समज होता. तो चुकीचा निघाला. पेट्रोलचे इंजिन सिग्नलला उभे राहूनही जळत राहते, विजेची मोटर थांबली की जवळजवळ काहीच खर्च करत नाही. येताना वारा पाठीशी होता, तेव्हा २० टक्क्यांत घरी आलो.

३६ किलोमीटरला ४८ टक्के, म्हणजे पूर्ण चार्जमध्ये ७५ किलोमीटर. त्या गाडीची छापील रेंज १२० च्या आसपास होती.

आता ही गाडी पाच वर्षांनी जुनी झाली असे समजू. लिथियमची बॅटरी वापराने आणि वयाने हळूहळू आकसते. पाच वर्षांनी ती मूळच्या ८० टक्क्यांवर आली असे धरू. ७५ चे ६० किलोमीटर झाले. शेवटच्या १५ टक्क्यांवर जाऊ द्यायचे नाही, कारण त्यानंतर अनेक गाड्या वेग आपोआप कमी करतात आणि मनालाही स्वस्थता राहत नाही. राहिले ५१. भाच्याची रोजची गरज कंपनीचे ३६ आणि संध्याकाळी भाजी, मुलीची शिकवणी वगैरे आठ, असे मिळून ४४ किलोमीटर. तीन युनिटची गाडी त्याला पाचव्या वर्षीही पुरेल. हेच गणित २.२ युनिटच्या गाडीला लावले तर पहिल्या वर्षी ५५ आणि पाचव्या वर्षी, राखीव सोडून, ३७ किलोमीटर उरतात. ती गाडी नवी असताना छान चालेल आणि नेमकी कर्ज फिटल्यावर दगा देईल. कंपनीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय असेल, तर मात्र तीच लहान गाडी पुरेशी आहे आणि मोठ्या बॅटरीवर पैसे घालण्याचे कारण नाही.

एवढे गणित करायचे नसेल त्यांच्यासाठी माझा ठोकताळा असा आहे: छापील रेंजचे चाळीस टक्के काढावेत, रोजची धाव त्यापेक्षा कमी असेल तर ती गाडी चालेल.

घाट असेल तर?

खुलताबादला रोज अप-डाऊन करणारे शिक्षक आणि मांजरसुंब्याचा घाट चढणारे बँक कर्मचारी हा प्रश्न हमखास विचारतात. गाडी, चालक आणि सामान मिळून २०० किलो वजन १०० मीटर उंच नेण्यासाठी साधारण ५५ वॅट-अवर ऊर्जा लागते (हजार वॅट-अवर म्हणजे एक युनिट). मोटरमधली घट धरली तर ७०. एवढ्या विजेत सपाट रस्त्यावर गाडी दोनच किलोमीटर जाते. संभाजीनगरहून खुलताबाद सुमारे तीनशे मीटर उंचावर आहे, म्हणजे त्या चढाची किंमत सहा-सात किलोमीटर रेंज. उतरताना ब्रेक लावला की मोटर उलटे काम करून थोडी वीज परत भरते, त्यामुळे नुकसान आणखी कमी होते. घाटाची धास्ती रेंजसाठी बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न असतो तो मोटरच्या ताकदीचा.

आणि ताकद समजून घ्यायला विहिरीवरची मोटर पुरेशी आहे. पाच एचपीची मोटर म्हणजे सुमारे पावणेचार किलोवॅट. दुचाकीवर दोन आकडे दिलेले असतात: एक क्षणभर लावता येणारा सर्वोच्च जोर, दुसरा सतत पेलता येणारा जोर. दांडगा पोऱ्या पोते उचलून ट्रकमध्ये टाकू शकतो, पण तेच पोते घेऊन तीन कोस चालू शकत नाही. तसाच हा फरक आहे. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. दोन माणसे घेऊन रोज घाट चढणाऱ्याने दुसरा विचारावा आणि घेण्यापूर्वी त्या घाटातच, मागे माणूस बसवून, गाडी चालवून पाहावी.

आपला उन्हाळा आणि बॅटरी

मराठवाड्यासाठी हा सर्वात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि माहितीपत्रकात त्याला सर्वात कमी जागा मिळते. लिथियम बॅटरीला थंडीपेक्षा उष्णता जास्त मारक. तिच्या आतले तापमान ४५ अंशांच्या पुढे गेले की चार्जिंग करणे योग्य नसते; बॅटरीतली नियंत्रण यंत्रणा तेव्हा चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेरच पारा ४३-४४ अंशांवर असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दिवसभर उभी राहिलेली, त्यात वीस किलोमीटर धावून आलेली गाडी आणून लगेच प्लगला लावली, तर ती चार्ज का होत नाही म्हणून लोक चार्जरला दोष देतात. गाडी आल्यावर तासभर सावलीत निवू द्यावी, रात्री जेवणानंतर चार्जिंगला लावावी, आणि रोज शंभर टक्के भरण्याची गरज नसेल तर ८०-९० टक्क्यांवर थांबावे. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी ठेवली तर तिचे मोठे नुकसान होते.

बॅटरीचे दोन मुख्य प्रकार बाजारात आहेत. एनएमसी प्रकारात निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट असते. ती वजनाला हलकी आणि तेवढ्याच जागेत जास्त वीज साठवणारी. एलएफपी प्रकारात लोह आणि फॉस्फेट असते. ती थोडी जड, पण उष्णतेला अधिक सोशिक आणि चार्जिंगच्या जास्त फेऱ्या पेलणारी. बाकी सर्व सारखे असेल आणि गाडी उन्हात उभी राहणार असेल, तर मी एलएफपीकडे झुकेन.

“लायसन नको, पासिंग नको” या गाड्या

तालुक्याच्या गावांत या गाड्यांची दुकाने झपाट्याने वाढली आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत, अशा दुचाकीला कायदा मोटार वाहन मानत नाही. तिला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही. गल्लीतून दुकानापर्यंत जाणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी ती उपयोगी आहे. परंतु काही विक्रेते वेगाचे बंधन काढून तीच गाडी ४०-४५ ने पळेल अशी करून देतात आणि ग्राहकाला ती सवलत वाटते. ज्या क्षणी ती २५ च्या पुढे पळते, त्या क्षणी ती नोंदणी नसलेले, विमा नसलेले वाहन होते. शेंद्र्याच्या किंवा चिकलठाण्याच्या रस्त्यावर ट्रकच्या शेजारून जाताना काही बरेवाईट झाले, तर भरपाईसाठी घरच्यांच्या हातात एकही कागद नसतो. कुटुंब ज्याच्या पगारावर चालते त्या माणसाने असा धोका पत्करू नये. शिवाय अशा स्वस्त गाड्यांत अनेकदा जुन्या पद्धतीची लेड-ॲसिड बॅटरी असते, ती रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत बसते.

नोंदणी झालेल्या खाजगी इलेक्ट्रिक दुचाकीची पाटी हिरवी आणि अक्षरे पांढरी असतात. कामावर जाण्यासाठी हिरव्या पाटीचीच गाडी घ्यावी. घर ते ऑफिस पाच-सहा किलोमीटरच असेल, तर पॅडलला मोटरची जोड देणारी इलेक्ट्रिक सायकलही विचारात घ्यावी. तिला कायद्याने नोंदणी लागत नाही आणि वेगाची मर्यादा तिच्या स्वभावातच असते.

लाईट बिल भरमसाट येईल का?

हिशेब करू. भाचा महिन्याला २५ दिवस, रोज ३६ किलोमीटर, म्हणजे ९०० किलोमीटर जातो. लिटरला ४५ चा ॲव्हरेज आणि १०५ रुपयांचा दर धरला तर २० लिटर, म्हणजे २,१०० रुपये. इलेक्ट्रिक गाडीला चार्जिंगमधली घट धरून किलोमीटरला ४५ वॅट-अवर लागतात असे मानले तर ४१ युनिटच्या आत काम भागते. युनिट १२ रुपयांना पडले तरी ४९० रुपये. महिन्याला सोळाशेच्या आसपास, वर्षाला एकोणीस हजार वाचतात.

इथे एक शंका नेहमी येते: शंभर युनिटच्या आतले बिल ४१ युनिटांनी पुढच्या टप्प्यात गेले, तर सगळेच युनिट महाग होतील. तसे होत नाही. महावितरणच्या घरगुती दरांत पहिल्या १०० युनिटांना पहिलाच दर लागतो आणि त्यावरच्या युनिटांनाच पुढचा. गाडीसाठी वेगळा मीटर घेण्याची सक्तीही नाही. बजाजनगर, रांजणगावसारख्या भागांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची खरी अडचण घरमालकाची असते. त्यांनी मोघम बोलण्याऐवजी ‘महिन्याला चाळीसेक युनिट लागतील, तेवढे पैसे वेगळे देतो’ असे आकड्यात सांगावे. आकडा ऐकला की बोलणे सोपे होते. वरच्या मजल्यावर राहत असाल तर बॅटरी काढून नेता येणारी गाडी पाहावी, पण ती बॅटरी दहा-बारा किलोची असते आणि दोन शिफ्ट करून आल्यावर ती तीन जिने चढवावी लागते, हेही लक्षात घ्यावे.

आणि एक प्रामाणिक सल्ला. ज्यांची रोजची धाव आठ किलोमीटरच आहे, त्यांची बचत महिन्याला चारशे रुपयांपर्यंतही जात नाही. घरात चांगली चालणारी पेट्रोल गाडी असेल, तर केवळ बचतीसाठी ती विकून नवे कर्ज काढू नये. बॅटरीची किंमत गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असते. वाचलेल्या पैशांतला काही भाग तिच्यासाठी बाजूला ठेवला तरच हिशेब खरा ठरतो. वॉरंटीच्या कागदात किती वर्षे, किती किलोमीटर आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, या तीन ओळी शोधून वाचाव्यात. तिसरी ओळ नसेल तर पहिल्या दोन फारशा कामाच्या नाहीत.

आग लागते म्हणतात, त्याचे काय?

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, ही भीती तिथून आली आणि ती निराधार नव्हती. त्यानंतर सरकारने बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. त्यामुळे त्यापूर्वी बनलेली गाडी सेकंड हॅन्ड घेताना मी तरी कचरेन. घरात काळजी एवढी घ्यावी की गाडीसोबत आलेलाच चार्जर वापरावा, एक्स्टेंशन बोर्डवर चार्जिंग करू नये, आणि बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर किंवा जिन्याखाली गाडी चार्जिंगला लावू नये.

पावसाचे म्हणाल तर, आयपी-६७ असे लिहिलेली बॅटरी एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते अशी चाचणी झालेली असते. पावसात भिजल्याने काही होत नाही. नाल्याला आलेल्या पुरातून गाडी घालण्याची ती परवानगी मात्र नाही.

गावात दुरुस्ती कोण करणार?

माझ्या मते हा प्रश्न रेंजच्या बरोबरीचा आहे. ब्रेक, टायर, शॉकअप कोणताही मेकॅनिक पाहील. पण मोटरचा कंट्रोलर किंवा बॅटरी बिघडली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशिवाय इलाज नाही. लातूर, नांदेड, संभाजीनगरात राहणाऱ्याला निवड मोठी आहे. कळमनुरी किंवा आष्टीत राहणाऱ्याने आधी सर्वात जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पाहावे, मग गाड्यांची नावे लिहावीत. शोरूमवाल्याला विचारू नये. आपल्याच तालुक्यात तीच गाडी वर्षभर वापरणारे दोन-तीन जण गाठावेत आणि ‘शेवटी बिघडली तेव्हा किती दिवस गाडी तिकडे राहिली?’ एवढेच विचारावे. आमच्या नात्यातल्या एकाची गाडी एका सुट्या भागासाठी पाच आठवडे उभी होती आणि तेवढे दिवस तो रिक्षा-बसने कामावर गेला. पेट्रोलची दोन महिन्यांची बचत त्यातच संपली. मागच्या चाकातच मोटर असलेल्या गाडीचे पंक्चर काढायलाही गावातले काही जण कां-कूं करतात, म्हणून टायर ट्यूबलेस आहे ना, हे पाहून घ्यावे.

भाच्याने शेवटी तीन युनिटची, एलएफपी बॅटरीची गाडी ठरवली. छापील रेंज तिन्हींत सर्वात कमी होती, पण सर्व्हिस सेंटर त्याच्या रोजच्या रस्त्यावर, क्रांती चौकाच्या अलीकडे होते. गाडी यायच्या आधी त्याने वायरमन बोलावून अंगणातल्या भिंतीवर गिझरला लागतो तसा मोठा प्लग स्वतंत्र वायरने काढून घेतला. वायरमनने तपासले तेव्हा घराला अर्थिंगच नव्हते. बोर्डावर तिसरे भोक होते, त्यामागे वायर नव्हती. आधी अंगणात खड्डा खणून अर्थिंग झाले, आणि मग त्याने शोरूमला फोन करून गाडी घ्यायला येतो म्हणून सांगितले.